गेटवर ठेवू का?

दुपारचे दोन वाजून गेलेले, जेवून जरा पाठ टेकली होती आणि फोन वाजला. अनोळखी नंबर म्हणजे एक तर लोनवाले नाहीतर पार्सलवाले, त्यामुळे उचलला, तर पलीकडे बाईकची घरघर आणि "मॅडम पार्सल आहे, गेटवर ठेवू का?" मी म्हणलं दादा, गेटच्या आत डाव्या हाताला पिवळं लॉकर आहे बघा, त्यात ठेवा ना. दोन सेकंद नुसतीच घरघर. मग "मामांकडे देतो मॅडम" आणि फोन कट.

हे आता आठवड्यातून तीनदा तरी होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण ते पिवळं लॉकर सोसायटीत आणायचा ठराव मीच मांडला होता. मिनिट्स बुकात सूचक म्हणून माझं नाव आहे, पुसता येत नाही.

आधी परिस्थिती सांगते म्हणजे मी एवढी का पेटले होते ते कळेल. आमची सोसायटी पुण्यात धायरीत, तीन विंग, ८४ फ्लॅट, गेटला एक केबिन. केबिन म्हणजे काय तर एक टेबल, एक खुर्ची, इंटरकॉम, पाण्याचा जार आणि भिंतीला बँकेचं कॅलेंडर, एवढ्यातच ती भरते. मागच्याच्या मागच्या दिवाळीत सेल लागले तेव्हा तिथे इतकी खोकी साठली की वॉचमन मामा बाहेर छत्री घेऊन बसलेले (दिवाळीत पाऊस, हो, आता पडतो) आणि आत पार्सलं मजेत कोरडी. प्रत्येक खोक्यावर मार्करने फ्लॅट नंबर लिहायचा असा नियम, पण मामांचा १ आणि ७ सख्खे भाऊ, त्यामुळे बी-१०१ मधलं कुत्र्याचं खाणं बी-७०१ च्या आजींकडे गेलं आणि त्यांनी ते नातवाचं काहीतरी सकाळचं सीरियल असेल म्हणून डब्यात भरून ठेवलं. नातू सुट्टीला आला तेव्हा कळलं. त्यानं खाल्लं का ते आम्ही विचारलं नाही.

इथपर्यंत गंमत होती. मग एका फ्लॅटचा ट्रिमर हरवला. ॲपवर डिलिव्हर्ड, केबिनमध्ये नाही, रजिस्टरमध्ये एंट्री नाही. ग्रुपवर मेसेज पडला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, कुणीतरी लिहिलं की "वॉचमनला विचारायला हवं", आता यात विचारणं हा शब्द काय अर्थाने आहे ते सगळ्यांना कळतं. मामा आमच्याकडे अकरा वर्षं आहेत. संध्याकाळी त्यांनी केबिनची चावी आणून चेअरमनच्या हातात ठेवली आणि म्हणाले, पार्सलं सांभाळायला मी आलो नव्हतो साहेब, गेट सांभाळायला आलो होतो. ट्रिमर चार दिवसांनी शेजारच्या सोसायटीत त्याच नंबरच्या फ्लॅटमध्ये सापडला. पण मामांचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि मी कामाला लागले.

ग्रुपवर पोल टाकला. पार्सल कुठं हवं: मामांकडे, लॉकरमध्ये, शेजाऱ्याकडे, की स्वतः खाली येऊन घेणार. ए विंगच्या एका कॉलेजच्या पोरानं "ड्रोनने गॅलरीत" असा पाचवा पर्याय घुसवला. लॉकरला ५१ मतं. ड्रोनला ९. मामांना ३.

तीन!

लॉकर आलं. कंपनीनं सहा महिने फुकट दिलं, पुढे फ्लॅटमागे महिना पंचवीस रुपये. नारळ फोडला, फोटो काढले. आणि आठ महिन्यांनी परिस्थिती अशी की लॉकर रिकामं, केबिन भरलेली, आणि ज्या ५१ जणांनी मतं दिली ते सगळे फोनवर काय म्हणतात तर "मामांकडे ठेवा". मी पण त्यात आले. पोलमध्ये आपण जसे असायला हवे तसे असतो, स्वावलंबी, शिस्तीचे वगैरे, आणि फोन येतो तेव्हा आपण आडवे झालेलो असतो.

पहिला धक्का घरातूनच बसला. आमच्या आई (म्हणजे सासूबाई) अजून कॅश ऑन डिलिव्हरीच्या बाहेर पडलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे, वस्तू हातात, मग पैसे हातात. आणि यात नवीन काही नाही हो, आपल्याकडे व्हीपीनं पुस्तकं मागवायची पद्धत किती जुनी, पोस्टमन पुस्तक घेऊन दारात आणि पैसे मोजून घेतल्याशिवाय सोडायचा नाही, दिवाळी अंकातल्या जाहिरातींखाली "व्ही.पी.ने मागवा" असं असायचंच. फ्लिपकार्टनं २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं काय आयडिया काढली, आमच्या आईंना वाटलं, बरं झालं, पोस्टमन परत आला. आता लॉकर पैसे घेईल एक वेळ क्यूआर दाखवून, पण खोकं उघडून आतली कढई वाजवून बघू देईल का? नाही. मग आईंसाठी लॉकर हा विषय तिथेच संपला.

आणि ओटीपी. हे एक वेगळंच महाभारत आहे. बँक रोज मेसेज करते की ओटीपी कुणाला सांगू नका, टीव्हीवर सांगतात, फोन लावला तर रिंगच्या आधी सांगतात, आईंनी ते इतकं मनावर घेतलंय की डिलिव्हरीवाला दारात उभा राहून ओटीपी मागतो तेव्हा त्या सरळ दार लावून घेतात. एकदा तर त्या मुलाला म्हणाल्या, बाळा चेहऱ्यावरून तर चांगला दिसतोस. तो बिचारा जिन्यात बसून मला ऑफिसात फोन करतोय. आता स्पीड पोस्टलाही वरचे पैसे भरून ओटीपीची सोय आली आहे. आणि रजिस्टर पोस्ट, ज्यावर त्यांचा इतका विश्वास, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन केलं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग आंब्याचं प्रकरण.

मे महिना, सी विंगच्या एका कुटुंबाला देवगडहून हापूसची छोटी पेटी आली, दोन डझनाची. कुरियरवाला नवा होता, इमानदार होता, त्यानं बोर्ड वाचला "कृपया पार्सल लॉकरमध्ये ठेवा" आणि मोठ्या कप्प्यात पेटी ठेवून गेला. ते लोक शुक्रवारी सकाळीच महाबळेश्वरला गेलेले. लॉकरचा मेसेज गेला, पण तो मेसेज येतो कुठल्या तरी सहा अक्षरी नावाने, वर लोनचे तीन, खाली रमीचे दोन, कोण वाचतं. शुक्रवार, शनिवार, रविवार. पुण्याचं ऊन, पत्र्याचं कपाट, त्याला पश्चिमेचं तोंड. रविवारी संध्याकाळी खेळणारी पोरं म्हणायला लागली की लॉकरमधून वास येतोय, छान वास येतोय. सोमवारी सकाळपर्यंत तो छान राहिला नव्हता. कप्प्याच्या फटीतून एक पिवळा ओघळ खाली आला होता, लॉकरच्या रंगाचाच त्यामुळे कुणाच्या लक्षात आला नाही, मुंग्यांच्या आला. मामांनी तो कप्पा दोनदा साबणाने धुतला पण अजून दार उघडलं की जूनमधल्या मंडईसारखं वाटतं, आणि सगळे त्याला आंब्याचा कप्पाच म्हणतात.

यावर सी विंगच्या वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "मामांकडे असती पेटी तर त्यांनी फोन केला असता गं. आणि उचलला नसता तर उघडून पसरून ठेवले असते." यावर मी काय बोलणार. कपाट फोन करत नाही. मेसेज करतं.

माझी धाकटी बहीण स्टुटगार्टला असते. तिला हे सगळं सांगितलं तर ती हसायला लागली, कारण तिचं आयुष्य लॉकरवर चालतं. तिकडे डीएचएलचं पॅकस्टेशन म्हणून असतं, तेही पिवळंच, २००१ मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झला प्रयोग म्हणून सुरू केलेलं आणि आता सुपरमार्केटच्या बाहेर, स्टेशनपाशी, कुठेही दिसतं. पार्सल आठवडाभर राहतं, रात्री अकराला जाऊन आणा. मी म्हणलं मग आमच्याकडेच का चालत नाही? तर ती म्हणाली, ताई तुझ्याकडे दिवसा गेटवर माणूस असतो. माझ्याकडे कोण आहे? ती आणि नवरा दोघं कामाला, बिल्डिंगला वॉचमन ही कल्पनाच नाही, डिलिव्हरीवाला बेल वाजवतो, कुणी नसेल तर टपालपेटीत चिठ्ठी टाकतो की पार्सल अमुक दुकानात आहे नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या तमुक यांच्याकडे आहे. मग त्या तमुक आजोबांकडे जाऊन जर्मनमध्ये आभार मानायचे, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची. तिला ते नको असतं म्हणून ती लॉकर वापरते. तिथे म्हणे ॲपमध्ये पसंतीचा शेजारी असा अधिकृत पर्याय असतो, आपण घरी नसलो तर पार्सल कुणाकडे द्यायचं त्या शेजाऱ्याचं नाव नोंदवून ठेवायचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे असं काही ॲपमध्ये लिहून ठेवलं तर दुसऱ्या शेजारणीला काय वाटेल याचा विचार करूनच घाम फुटेल.

पोलंडचं उदाहरण अजून भारी आहे. तिकडे इनपोस्ट नावाची कंपनी, २००९ पासून लॉकर बसवत सुटली, आता एकट्या पोलंडमध्ये वीस हजारांच्या वर आहेत आणि लोक ऑनलाइन काही घेतलं की पहिला पर्याय लॉकरचाच टिचकी मारतात. (याच कंपनीचा एक जुना किस्सा: तेव्हा तिथे ५० ग्रॅमच्या आतली पत्रं फक्त सरकारी पोस्टानेच न्यायची असा कायदा होता, तर यांनी पाकिटांना धातूची छोटी पट्टी लावून वजन वाढवलं आणि पत्रं वाटली. असं डोकं असलेला माणूस लॉकर खपवणारच.) पण लोक तिथे लॉकर निवडतात त्याचं मोठं कारण मला वाटतं खिशात आहे. घरपोच मागवलं तर जास्त पैसे, लॉकरला कमी. आणि लॉकर घरापासून पाच-सात मिनिटांच्या चालीत. हा हिशोब कुणालाही पटेल, कोथरूडमध्ये पण पटेल.

आमच्याकडे उलटं. घरपोच फुकट, पाचव्या मजल्यावर दारात फुकट, परत न्यायला येतात ते पण फुकट. आणि लॉकरला मात्र महिना पंचवीस रुपये, ते पण वापरा न वापरा सगळ्यांनी. म्हणजे आम्ही कमी सोय जास्त पैशांत विकत घेतली आणि मग लोक का वापरत नाहीत म्हणून मी ग्रुपवर रागाच्या इमोजी टाकत बसले. लोकांची आवड, पसंती असं ज्याला म्हणतात ना, तिच्या पोटात बहुतेक वेळा किंमतच असते. मला स्वतःला ॲपवर विचारतात की दोन दिवस उशिरा चालेल का, थोडा कॅशबॅक देऊ, तर मी दर वेळी हो म्हणते, आणि तीच मी कॅशबॅक नसताना "आज येणार होतं, अजून का नाही" म्हणून ट्रॅकिंग उघडून बसते. दहा मिनिटांत कोथिंबीर आणणारे ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट हे तर वेगळंच दुकान, तिथे लॉकरचा प्रश्नच नाही, फोडणी गॅसवर असते.

आणि ही फुकटाची घरपोच सेवा फुकट कुणामुळे आहे तेही बघा. एकदा मी ठरवून खाली गेले आणि एका मुलाला विचारलं, दादा खरं सांग, लॉकरमध्ये का नाही ठेवत? औशाचा होता, लातूर जिल्ह्यातला, भरतीची तयारी करत करत हे काम करतो. म्हणाला, ताई बघा, तुमच्या सोसायटीची आज चौदा पार्सलं आहेत. लॉकरला एकेकाचा कोड मारा, साईज निवडा, दार उघडतं, ठेवा, ढकला, परत पुढचं. नेट गेलं की सगळं पहिल्यापासून. मोठं खोकं बसत नाही, मग त्याच्यासाठी परत फोन. मामांकडे चौदाच्या चौदा टेबलावर ठेवतो, फोटो काढतो, निघतो. "आम्हाला पार्सलमागं मिळतंय ताई, उभं राहायचं नाही मिळत." आणि घरी कुणी नाही म्हणून पार्सल परत गेलं तर ते मोजत नाहीत, पेट्रोल मात्र जळलेलं असतं. एवढं बोलून त्यानं टोपी घातली, म्हणजे हेल्मेट, आणि गेला, त्याची तीन मिनिटं मीच खाल्ली होती.

पोलमध्ये त्याचं मत कुणी घेतलंच नव्हतं. मामांचं पण नाही, आता विचार केला की कळतं. ज्यांच्या हातातून पार्सल जातं ते दोघंही पोलच्या बाहेर आणि आम्ही ८४ जण आत.

पत्त्याचं अजून एक. आमचा पत्ता सांगायचा म्हणजे धायरी फाट्यावरून आत, पिठाच्या गिरणीसमोर, मारुतीच्या देवळामागे, आणि त्या देवळाचं आता संगमरवरी मोठं मंदिर झालंय त्यामुळे जुनं देऊळ शोधणारे पुढे जातात. पिनकोड असून काय उपयोग असं आपण म्हणतो, पण तो पिनकोड आपल्याच माणसाचा आहे बरं का, श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, वेळणेश्वरचे, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, त्यांनी ही सहा आकड्यांची पद्धत आणली, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. एकाच नावाची पन्नास गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि कसल्याही अक्षरात लिहिलेले, त्यावर तो उपाय होता. पण तो पत्र योग्य पोस्टात नेऊन सोडतो, पुढे पोस्टमन जाणे. आता २०२५ मध्ये पोस्टानं डिजिपिन आणलंय, दहा अक्षर-आकड्यांचं, सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत कापलाय आणि प्रत्येक चौकोनाला वेगळा कोड. मी उत्साहानं आमचा काढला. मग लक्षात आलं की माझा, माझ्या खालच्यांचा आणि माझ्या वरच्यांचा कोड एकच आहे, कारण चौकोनाला मजला नसतो. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हे काम करतायत आणि त्यांच्या डब्याच्या झाकणावरच्या खुणेत बिल्डिंगबरोबर मजला पण असतो.

तर ती ९ मतं, ड्रोनवाली. मला आधी तो चेष्टेचा विषय वाटला होता, पण ड्रोन वाईट नाही, तो कुठे लागतो ते बघायचं. आपल्याच पालघरात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला करोनाच्या लसी ड्रोननं गेल्या. पोस्टानं २०२५ मध्ये कर्जतहून माथेरानला पार्सल ड्रोननं नेऊन बघितलं, साधारण दहा किलो, पंधरा एक मिनिटांत. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्यापुढे सगळं घोड्यावर, हमालाच्या डोक्यावर किंवा तसंच काहीतरी करून न्यायचं, तिथे वरून येणारी पेटी समजू शकते. पण धायरीत? आमच्या गॅलऱ्यांना कबुतरांसाठी जाळ्या आहेत. ड्रोन येऊन जाळीसमोर तरंगणार आणि आमच्या आई आतून म्हणणार, ओटीपी देणार नाही.

आणि आवाज. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ बोनिथन नावाच्या वस्तीत २०१८ मध्ये विंग कंपनीनं ड्रोनची ट्रायल घेतली, कॉफी, औषधं वगैरे, तर लोक आवाजाला इतके वैतागले की विरोधात गटच तयार झाला. पुढे २०२१ मध्ये त्याच शहरात हॅरिसन भागात एका डोमकावळ्यानं कॉफी घेऊन चाललेल्या ड्रोनवर झडप घातली, घरट्याचे दिवस होते त्याचे, आणि कंपनीला तिथली उड्डाणं काही काळ थांबवावी लागली. कावळ्याला कुणी पोल विचारला नव्हता. अमेरिकेत टेक्ससमध्ये कॉलेज स्टेशन म्हणून गाव आहे, तिथे ॲमेझॉनला ड्रोनच्या फेऱ्या वाढवायच्या होत्या, २०२४ मध्ये गावच्या महापौरांनीच विमान खात्याला पत्र लिहिलं की आवाजाच्या तक्रारी आहेत. मला यात गंमत ही वाटते की ज्याची कॉफी आली त्याला ड्रोन आवडतो, ज्याच्या डोक्यावरून गेली त्याला नाही, आणि कंपनी फक्त पहिल्याला विचारते "तुमचा अनुभव कसा होता".

रोबोट पण आहेत, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला २०१८ पासून सहा चाकांचे छोटे डबे फुटपाथवरून किराणा पोचवत फिरतात. त्याला लागतो फुटपाथ. पुढचा विषय.

शेजाऱ्यांचं म्हणलं तर आमच्याकडे ड्रोन नाही पण लिफ्ट आहे. आमच्या मागच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत बोर्ड लावलाय, डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. आमच्या मीटिंगमध्ये पण एकांनी तोच विषय काढला, की सारखी लिफ्ट अडकते, म्हाताऱ्या माणसांना थांबावं लागतं. मी विचारलं, या आठवड्यात तुमच्याकडे किती पार्सलं आली? ते सातव्या मजल्यावर राहतात. विषय पुढच्या मीटिंगला ढकलला गेला आणि तिथेच आहे.

असो, मूळ मुद्दा लॉकर. फुकटचे सहा महिने संपले, दोन महिने पैसे भरले, आणि आता करार पुढे चालू ठेवायचा का बंद करायचा हे ठरवायची वेळ आली. माझं मत बंद करा असं झालं होतं, चूक झाली, मान्य. म्हणून कंपनीकडून वापराचा रिपोर्ट मागवला, वाटलं शून्य असेल, दाखवून टाकू. तर शून्य नव्हता. पाच-सहा फ्लॅट असे निघाले की जे नियमानं, दर आठवड्याला, लॉकर वापरतात. बाकी कुणी नाही, पण हे नेमानं.

फ्लॅट नंबर वाचले आणि मी आणि चेअरमन एकमेकांकडे बघत राहिलो. एक नवीन लग्न झालेली, सासू कडक. एक रिटायर्ड बँकवाले, ज्यांच्या बायकोनं आमच्यासमोर त्यांना मासेमारीचं सामान घ्यायला बंदी घातली होती. एक दहावीचा मुलगा, त्याला काय येतं देव जाणे. आणि एक अशा बाई, ज्या कायम म्हणतात की मी ऑनलाइन काहीच घेत नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मामा फोन करतात, आंबे पसरून ठेवतात, सगळं खरं, पण मामांना सगळं माहितही असतं. "ताई आज तिसरं हं", "ताई हे साहेबांचं की तुमचं?", "एवढं हलकं, कपडे दिसतात." ते प्रेमानं म्हणतात, पण म्हणतात, आणि तेव्हा मागे कुणी ना कुणी उभं असतंच. लॉकर काही म्हणत नाही. आमच्या पोलमध्ये हा पर्याय द्यायला हवा होता, पार्सल असं हवं की कुणाला कळणार नाही. अर्थात उघड पोलमध्ये त्याला कोण मत देणार.

रिपोर्ट आम्ही फाइलला लावला नाही. मीटिंगमध्ये "काही सभासद वापरतात" एवढंच सांगितलं, करार सहा महिने वाढवला, पण लॉकर लहान करून, आठ कप्प्यांचं, आणि जागा बदलून, सावलीत. खर्च निम्मा झाला. उरलेल्या पैशांत केबिनला लोखंडी रॅक करून घेतलं, प्रत्येक मजल्याला एक कप्पा, मामांना आता १ आणि ७ लिहायलाच लागत नाही, आणि पार्सलांसाठी म्हणून त्यांना महिन्याला वेगळे पैसे द्यायचे असा ठराव झाला. तोही मीच मांडला, आधी त्यांना विचारून.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच ऑर्डर करताना पत्त्याच्या खाली लिहिलं, फक्त लॉकरमध्येच ठेवा, फोन करू नका. त्या महिन्यातला चौथा कुर्ता होता, घरी तिसऱ्यावरूनच बरंच झालं होतं. आणि त्या मुलानं चक्क ठेवला. रात्री साडेनऊला चालायला जाते सांगून खाली आले, कोड टाकला, दार टक करून उघडलं, पाकीट भाजीच्या पिशवीत घातलं, वर कोथिंबिरीची जुडी. मागे वळले तर मामा केबिनच्या दारात चहाचा कप घेऊन उभे.

काही बोलले नाहीत. हात लांब करून त्यांनी लॉकरवरचा दिवा तेवढा बंद केला.